फुकट गेलेले वर्ष

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजातला मुलगा घरी येतो, तो बहुधा एकटा येत नाही. मागोमाग चारदोन मित्र येऊन दाखल होतात, चकल्यांचा डबा बघता बघता तळाला जातो, माजघरात हसण्याचा गलका उठतो आणि रात्रीचे बारा वाजून गेले तरी गप्पांचा फड मोडत नाही. मुलगी कॉलेजात असली तर तिच्या मैत्रिणींचेही तेच. घरातली वडीलधारी मंडळी हे सारे कौतुकाने पाहत असतात; पण मनात एक शंका घोळत असतेच, आणि फराळाची बशी पुढे करता करता ती तोंडावाटे बाहेर पडते, "अरे, हे सगळे ठीक आहे; पण तुम्ही अभ्यास केव्हा करता?"

हा प्रश्न आजचा नाही. महाराष्ट्रात कॉलेजे निघाली तेव्हापासून तो विचारला जात आहे. त्याचे उत्तर इतिहासात शोधू गेले तर मोठी अडचण येते. परीक्षांचे निकाल दप्तरात राहतात, पदव्यांच्या तारखा राहतात, इमारतींच्या कोनशिला राहतात. रात्री कोण कोणाच्या खोलीत जाऊन किती वेळ हसत बसला, याची नोंद कोणी ठेवत नाही. तथापि पुण्याच्या एका कॉलेजाच्या बाबतीत ती थोडीफार राहिली आहे, कारण तिथे हसणारे विद्यार्थी पुढे फार मोठे झाले आणि लोकांनी त्यांच्या पोरवयातल्या गोष्टीही जपून ठेवल्या. त्या कॉलेजाचे नाव डेक्कन कॉलेज.

या कॉलेजाचे मूळ फार जुने. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, म्हणजे १८२१ साली, पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात एक संस्कृत पाठशाळा निघाली. तिचे रूपांतर होत होत १८५१ साली पूना कॉलेज झाले, आणि १८६४ साली त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून शहराबाहेर, नदीपलीकडे येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ साली कॉलेज तिकडे गेले.

वाचकांनी या शेवटच्या गोष्टीकडे जरा लक्ष द्यावे. कॉलेज वाड्यात होते तोवर विद्यार्थी सकाळी घरून येत आणि संध्याकाळी घरी जात. येरवडा पेठांपासून लांब. वाहने नाहीत, रस्ता पायी तुडवायचा. त्यामुळे मुलांना कॉलेजाच्या आवारातच राहावे लागले. कोकणातला, देशावरचा, कऱ्हाडकडचा, वऱ्हाडातला असे ठिकठिकाणचे तरुण एका ओळीतल्या खोल्यांत येऊन पडले. वडिलांचा धाक तीन मैलांवर किंवा तीनशे मैलांवर राहिला. जवळ नदी, मागे माळ आणि टेकड्या, रात्री तेलाचा दिवा, आणि बोलायला समवयस्क माणूस. मराठी माणसाच्या आयुष्यात अशी चार वर्षे त्याआधी कधी आलीच नव्हती. घरचा मुलगा व संसारी गृहस्थ या दोन अवस्थांच्या मध्ये एक मोकळी ओसरी प्रथमच बांधली गेली.

या ओसरीवर १८७३ साली रत्नागिरीकडचा एक किडकिडीत मुलगा आला. वय सोळा-सतरा, वडील आदल्याच वर्षी वारलेले, लग्न झालेले, डोके गणितात तल्लख आणि प्रकृती मात्र यथातथाच. हे बाळ गंगाधर टिळक. कॉलेजात आल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की या हाडांवर पुढचे काही पेलायचे नाही. मग त्यांनी पहिले वर्ष सरळ शरीरावर खर्च करायचे ठरवले. सकाळी तालीम, जोर, बैठका, कुस्ती, नदीत तासन्‌तास पोहणे, नाव वल्हवणे, आणि या सर्वांच्या मागोमाग येणारे भरपूर जेवण. पुस्तके खोलीत पडून राहिली. परीक्षेच्या हिशेबाने ते वर्ष साफ फुकट गेले.

आजच्या एखाद्या घरात असे वर्ष गेले तर काय होईल, याची कल्पना वाचकांना सहज करता येईल. टिळकांच्या घरीही त्याचे कौतुक झाले असेल असे नाही. पण पुढचा हिशेब पाहावा. हा विद्यार्थी नंतर गणित घेऊन बी. ए.ला पहिल्या वर्गात आला आणि १८७९ साली एल्‌एल्‌. बी. झाला. १९०८ साली सरकारने त्यांना सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला पाठवले, तेव्हा वय ५२ होते आणि मधुमेह जडलेला होता. त्या कोठडीत बसून त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले आणि १९१४ साली ते जिवंत परत आले. त्यांचे चरित्रकार या काटकपणाचे श्रेय त्या पहिल्या वर्षाला देतात. येरवड्याच्या तालमीत गाळलेल्या घामाचे व्याज असे चाळीस वर्षांनी मिळाले म्हणायचे.

अंगात बळ आले तशी खोड्यांनाही धार आली. कोणी विद्यार्थी प्रकृतीची फार काळजी करी आणि टेबलावर औषधांच्या बाटल्यांची रांग मांडी. टिळकांनी त्या बाटल्या उचलून खिडकीबाहेर फेकाव्या आणि म्हणावे, तालमीत चल, औषध लागणार नाही. कोणी नाजूकपणे राहू लागला की त्याची फटफजिती ठरलेलीच. मनात येईल ते तोंडावर बोलत म्हणून सोबत्यांनी त्यांना 'मिस्टर ब्लंट' हे नाव ठेवले, आणि खोड्यांसाठी 'डेव्हिल' हे दुसरे. ज्या मुलाला आपण पुढे लोकमान्य म्हणालो, त्याला कॉलेजातल्या मित्रांनी आधी सैतान म्हणून घेतले होते, ही मौज ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कॉलेजातले अध्यापकही साधे नव्हते. प्राचार्य वर्डस्वर्थ हे त्याच नावाच्या प्रसिद्ध इंग्रज कवीचे नातू. गणिताला केरो लक्ष्मण छत्रे होते, आणि त्यांच्यावर टिळकांची भक्ती जन्मभर राहिली. तेव्हा मौजेपायी विद्या बुडाली असे झाले नाही. मात्र वर्गात जे शिकवले जाई ते खरे की खोटे याचा निवाडा वर्गात होत नसे. तो खोलीत, जेवणाच्या पंगतीत आणि टेकडीच्या वाटेवर होई.

या टेकडीच्या वाटेवर टिळकांना जो जोडीदार मिळाला, त्याची हकीकत अगदी वेगळी आहे. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे, टिळकांच्याच वर्षी, १८५६ साली जन्मलेले. घरी दारिद्र्य. शिकायचे म्हणून कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असा प्रवास, त्यातही मिळेल ते काम करून शिकणे. १८७५ साली ते डेक्कन कॉलेजात आले ते अंगावरच्या एका सदऱ्यानिशी. तो सदरा रात्री धुवून वाळत टाकायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा, असे त्यांच्याविषयी सांगतात. शिवाय छातीत दमा.

कॉलेजची मौज म्हटली की आपल्याला पैसे आठवतात. हॉटेल, सिनेमा, सहल, नवे कपडे. आगरकरांजवळ यांपैकी काहीच नव्हते. तरी त्यांना त्या दिवसांत जे सुख लाभले ते फार थोड्या श्रीमंतांना लाभते. मिल्ल आणि स्पेन्सर वाचावे, वाचता वाचता रक्त तापावे, आणि ते कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवू नये. ऐकणारा असा असावा, की त्याने मान डोलावू नये, प्रत्येक वाक्यावर भांडावे. टिळक तसेच होते. सुपारी कातरीत बसणारा एक धट्टाकट्टा, आणि बोलता बोलता धाप लागणारा दुसरा कृश. अशा जोडीच्या गप्पांना दमडीही लागत नाही.

खरी जवळीक जमली ती १८७९च्या सुमाराला. टिळक कायद्याचा अभ्यास करीत होते, आगरकर एम. ए.ची तयारी. दोघेही बी. ए. होऊन गेलेले, म्हणजे सरकारी नोकरीचे दार उघडे. त्या काळी पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चांगली जागा आणि चांगला पगार ठेवलेलाच. घरची माणसे डोळे लावून बसलेली. पण या दोघांनी टेकडीवर फिरता फिरता भलताच बेत केला. नोकरी करायची नाही. स्वस्तात शिक्षण देणारी आपली शाळा काढायची. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले, की मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल अशी आशा तू बाळगू नकोस. ज्या माउलीने हे पत्र वाचून घेतले असेल, तिच्या मनात त्या टेकडीवरच्या गप्पांविषयी काय आले असेल? मित्रांच्या नादाने मुलगा वाया गेला, हेच आले असेल.

याच वेळी त्याच कॉलेजचा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीला सरकारी शाळेत मास्तर होता. त्यांचे नाव विष्णुशास्त्री चिपळूणकर. १८७४पासून ते 'निबंधमाला' लिहीत होते. त्यांनीही नोकरी सोडली आणि पुण्यात येऊन शाळा काढायचे ठरवले. ही बातमी कानी येताच दोघे मित्र त्यांना जाऊन भेटले. २ जानेवारी १८८० रोजी मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. टिळक आणि चिपळूणकर पहिल्या दिवसापासून होते, महादेव बल्लाळ नामजोशी त्यांच्यासोबत, वामन शिवराम आपटे लवकरच आले, आगरकर एम. ए. होताच पुढच्या वर्षी आले. जानेवारी १८८१मध्ये 'मराठा' आणि 'केसरी' ही पत्रे निघाली. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज.

पाच वर्षांत एक शाळा, दोन पत्रे, एक संस्था, एक कॉलेज. ही कामे करणाऱ्यांचे वय पाहिले तर छाती दडपते. शाळा उघडली तेव्हा टिळक २३ वर्षांचे होते. भांडवल म्हणावे तर फारसे काही नव्हते. जे होते ते कॉलेजात जमलेले होते: हा माणूस थापा मारीत नाही, तो माणूस अर्ध्या वाटेवर पळणार नाही, हे एकमेकांविषयीचे ज्ञान. असे ज्ञान प्रशस्तिपत्रकातून मिळत नाही. ज्याने तुमच्या औषधाच्या बाटल्या फेकल्या आहेत आणि तुम्ही ज्याच्याशी रात्र रात्र भांडला आहात, त्याच्याविषयीच ते असते.

या मैत्रीची पहिली पारख लवकरच झाली. कोल्हापूरच्या दिवाणांविषयी छापलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा होऊन मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. खटला चालू असतानाच मार्च महिन्यात विष्णुशास्त्री वारले होते. दोघांना एकाच लहानशा कोठडीत ठेवले. अन्न वाईट, जागा कोंदट, वजने घटली. सुटका १०१ दिवसांनी झाली. आगरकरांनी बाहेर आल्यावर 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले. तुरुंगावरचे पुस्तक म्हणून कोणी ते गंभीरपणे उघडील तर फसेल, कारण त्यात जागोजाग हसू येते. रात्री या दोघांचे वाद असे रंगत आणि आवाज असा चढे, की पहारेकऱ्याला येऊन गप्प बसा म्हणून सांगावे लागे. डेक्कन कॉलेजातली खोलीच जणू डोंगरीला हलवली होती. कॉलेजात मौज करायला शिकलेला माणूस तुरुंगातही ती करू शकतो, आणि ज्याला ती आलीच नाही त्याला राजवाडाही तुरुंगासारखा वाटतो, एवढे त्या पुस्तकावरून समजते.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण इतिहास तिथे थांबला नाही.

सुटून आल्यावर पाचच वर्षांत दोघे मित्र दुरावले. बालविवाह, स्त्रियांचे शिक्षण, समाजाच्या सुधारणेत सरकारी कायद्याचा हात असावा की नसावा, अशा प्रश्नांवर त्यांची मते उलट दिशांना गेली. त्यात संस्थेच्या कारभारावरचे वाद मिसळले. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. आयुष्याचे ध्येयच हातून सोडून देतो आहोत, हे दुःख त्या लांबलचक राजीनाम्यात दिसते. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जी टीका झाली ती मवाळ नव्हती. जे दोघे एका कोठडीत हसले होते, ते एका शहरात बोलेनासे झाले. आगरकरांवर तर पुण्यातल्या कर्मठांनी आणखी एक प्रसंग आणला. त्यांची प्रेतयात्रा त्यांच्या जिवंतपणी रस्त्यातून काढली. तीही एक प्रकारची टवाळीच होती. ती काढणारे लोकही हसतच असतील. हसण्याहसण्यात किती अंतर असते!

आगरकर १८९२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी ते गेले तेव्हा वयाची ३९ वर्षे पुरी व्हायला एक महिना कमी होता. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. अखेरच्या दुखण्यात टिळक त्यांना भेटायला गेले. आणि 'केसरी'त मृत्युलेख लिहिण्याची पाळी आली तेव्हा एरवी झरझर मजकूर सांगणाऱ्या या संपादकाला तास न् तास लागले. शब्द सांगता सांगता डोळे भरून येत आणि लिहिणे थांबे, अशी आठवण त्यांच्या भोवतालच्या मंडळींनी सांगितली आहे. वादांतला एकही मुद्दा टिळकांनी त्या दिवशी मागे घेतला नव्हता. मात्र डोळ्यांपुढे 'सुधारक'चा संपादक नसावा, एका सदऱ्यावर कॉलेज काढणारा मुलगा असावा. कॉलेजची मैत्री माणसांना एकमताचे करीत नाही. ती फक्त एवढेच करते, की विरोधकाचा चेहरा पूर्ण अनोळखी होऊ देत नाही. सार्वजनिक आयुष्यात हेही थोडे नाही.

आता याच कॉलेजातली दुसरी एक हकीकत सांगितली पाहिजे. ती सांगितली नाही तर वरचा सगळा मजकूर अर्धवट राहील.

टिळक-आगरकर कॉलेजातून बाहेर पडून काही वर्षेच झाली होती. १८८०नंतरच्या त्या दशकात डेक्कन कॉलेजात एक मुलगी आली. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी; जन्म नाशिकचा, १८६६चा. सगळ्या कॉलेजात मुलगी ती एकटीच. ती वर्गाशी आली की आतली मुले दार तिच्या तोंडावर धाडकन लावून घेत, म्हणजे तिला आत येता येऊ नये. मुलांच्या दृष्टीने ती मौजच असणार. टेकडीवरच्या गप्पा, नदीतले पोहणे, रात्रीचे वाद, यांतले काहीही तिच्या वाट्याला येणे शक्य नव्हते. तिने फक्त अभ्यास केला, आणि बी. ए.च्या परीक्षेत ती अशी पुढे आली, की विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिलाच मिळायची. ती स्त्री आहे या कारणावरून ती नाकारण्यात आली. काही दिवस तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना शिकवले, आणि १८८९ साली इंग्लंडातल्या हितचिंतकांच्या मदतीने ऑक्सफर्ड गाठले. १८९२ साली कायद्याच्या पदवीची परीक्षा तिथे देणारी ती पहिली स्त्री. पण तेव्हा ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नसे. ती मिळू लागली १९२०नंतर.

टिळकांनी बंद खोलीत शिरून मित्राच्या बाटल्या फेकल्या त्यातही दांडगाई होती; पण ती मित्राला ओढून आपल्यात आणणारी होती. कॉर्नेलियाच्या तोंडावर दार लावण्यात तिला बाहेर ठेवण्याचा हेतू होता. दोन्हींना मुले मौजच म्हणत असतील. मला वाटते, कॉलेजातल्या कोणत्याही थट्टेची हीच कसोटी धरावी. थट्टा झाल्यावर माणूस आत येतो की बाहेर जातो? कॉलेजात नवा आलेला गरीब मुलगा, खेड्यातल्या बोलीत बोलणारा, एकटी पडलेली मुलगी, यांना हसून जी मौज मिळते ती मौज नव्हे. आणि ज्या टेकडीवर राष्ट्राचे बेत झाले त्या टेकडीवर एकही मुलगी नव्हती, ही गोष्ट पुढच्या भांडणाशी अगदीच असंबद्ध नाही. स्त्रियांनी किती शिकावे, काय शिकावे, केव्हा लग्न करावे, यावर दोघे मित्र वर्षानुवर्षे भांडले. ज्यांच्याविषयी भांडायचे त्यांपैकी कोणी त्या रात्रीच्या गप्पांत बसलेली असती, तर ते वाद निदान वेगळे झाले असते.

डेक्कन कॉलेजचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केले. खर्चाच्या दृष्टीने कदाचित ते सोयीचे असेल. पण सरकारने एक गोष्ट धरली नव्हती. जुने विद्यार्थी आता वकील, न्यायाधीश, अध्यापक, म्हातारे झालेले गृहस्थ होते. ते एकत्र आले आणि कोर्टात गेले. देणगी कॉलेजासाठी दिली आहे, ती मोडता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. अखेर १९३९ साली डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले. मात्र आता ते पदव्युत्तर अध्ययनाची आणि संशोधनाची संस्था म्हणून. परीक्षेच्या गुणांच्या प्रेमाने कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. त्या म्हाताऱ्यांना आपल्या खोल्या, आपली नदी आणि आपले गेलेले सोबती आठवत असले पाहिजेत. टिळक ज्या खोलीत राहत ती तिथे आजवर त्यांचे स्मारक म्हणून जपली आहे.

या नव्या डेक्कन कॉलेजात १९३९ सालीच एक बाई अध्यापक म्हणून आल्या. फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकलेल्या, जर्मनीत डॉक्टरेट मिळवलेल्या इरावती कर्वे. म्हणजे टेकडीवरच्या गप्पांतून जे कॉलेज निघाले तिथली विद्यार्थिनी, गप्पा जिथे झाल्या त्या कॉलेजात शिकवायला आली. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र या विषयांचा विभाग त्यांनी तिथे वर्षानुवर्षे चालवला. पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालवीत जाणाऱ्या या बाईंकडे लोक वळून वळून पाहत. ज्या आवारात पन्नासएक वर्षांपूर्वी एका मुलीच्या तोंडावर दारे लावली गेली, त्याच आवारात एक स्त्री मुलामुलींना संशोधन शिकवीत होती.

आणि मित्रांच्या मौजेतून काही निपजण्याची गोष्ट टिळकांच्या काळाबरोबर संपली असेही नाही. १९६३ साली पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने कॉलेजांसाठी एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली. तेव्हापासून पावसाळा आला, की पुण्यातल्या कॉलेजांतली मुले वर्ग संपल्यावर तालमी करू लागतात, रात्री अपरात्री चहाच्या टपरीवर वाद घालतात, आणि घरी विचारले तर "प्रॅक्टिस होती" एवढेच सांगतात. फर्ग्युसनचा एक विद्यार्थी, सतीश आळेकर, असाच कॉलेजच्या नाटकात काम करीत असता भालबा केळकरांच्या नजरेस पडला आणि त्यांच्या नाट्यसंस्थेत आला. बी. जे. मेडिकल कॉलेजातले जब्बार पटेल आणि मोहन आगाशे यांना डॉक्टर व्हायचे होते, आणि ते झालेही. पण नाटक सुटले नाही. १६ डिसेंबर १९७२ रोजी 'घाशीराम कोतवाल' भारत नाट्य मंदिरात उभे राहिले ते अशाच तरुणांच्या बळावर. संस्थेच्या वडीलधाऱ्यांना ते नाटक मानवले नाही, प्रयोग थांबले. तेव्हा या मुलांनी १९७३ साली थिएटर अकॅडमी ही आपली संस्था काढली. नोकरी नको, आपली शाळा काढू, असे १८७९ साली टेकडीवर जे बोलणे झाले, त्याच जातीचे हे बोलणे असणार. फरक इतकाच, की या वेळी गप्पांत मुलीही होत्या.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? अभ्यास केव्हा करता, हा प्रश्न योग्यच आहे. टिळकांचे वर्ष फुकट गेले म्हणून प्रत्येकाचे फुकट गेलेले वर्ष सोन्याचे होते असे नाही. तालमीत न जाता नुसतेच गादीवर लोळून घालवलेली वर्षेही पुष्कळ झाली असतील. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. शिवाय आगरकरांच्या आईचा विचारही मनातून जात नाही. मुलांच्या मोकळेपणाची किंमत घरात कोणीतरी मुकाट्याने भरीत असते, आणि ती भरणाऱ्याचे नाव इतिहासात बहुधा येत नाही.

पण आणखी एक प्रश्न विचारता येईल, आणि तो अधिक उपयोगाचा ठरेल. तुझ्याशी रोज भांडणारा आणि तरी रोज येणारा मित्र तुला मिळाला का? मिळाला असेल तर कॉलेजची फी वसूल झाली म्हणून समजावे. आणि तुमच्या त्या घोळक्याबाहेर, दाराशी कोणी उभे नाही ना, हेही एकदा बघून यायला सांगावे. पदवीचा कागद कपाटात राहतो. रात्री बारानंतरच्या गप्पांत एकमेकांची जी ओळख पटते, ती मात्र पुढे शाळेच्या उभारणीत उपयोगी पडते, तुरुंगात उपयोगी पडते, आणि ज्याच्याशी आठ वर्षे बोलणे नव्हते त्याच्यावर चार ओळी लिहिताना लेखणी अडते, तीही त्याच ओळखीने.